एलसॅट आणि जेडीचे अर्ज: पुणे विद्यापीठाची बी.कॉम. असताना सुरुवात कुठून करावी?

दौतटाक

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणारा जोडीदाराचा व्हिसा) आहे, ईएडी (काम करण्याचा परवाना) नाही. पुणे विद्यापीठाची बी.कॉम. (तीन वर्षांची), एम.कॉम. आणि सीएस (कंपनी सेक्रेटरी). २०२७ च्या फॉलसाठी (शरदातले सत्र) जेडीला (अमेरिकेतली कायद्याची पदवी) अर्ज करायचा आहे. नेटवर बरेच वाचले, पण अमेरिकेतच पदवी घेतलेल्यांसाठी लिहिलेले सगळे. अडलेले प्रश्न असे:

१. तीन वर्षांची पदवी चालते का?
२. डब्ल्यूईएसचे (परदेशी पदव्या तपासणारी संस्था) मूल्यांकन हाताशी आहे, ते लावता येईल का?
३. मार्कलिस्टवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. अडचण येईल?
४. एलसॅटला (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) किती महिने धरावेत? ओळखीतून जुनी पुस्तके मिळाली आहेत, त्यात लॉजिक गेम्सचा (मांडणीच्या कोड्यांचा) एक ठोकळा आहे.
५. एच-४ वरच शिकावे की एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा?

---

शिक्कामोर्तब

कागदांपुरते सांगतो, कारण उशीर तिथेच होतो आणि तोही पुण्याच्या बाजूला.

तीन वर्षांच्या पदवीची धास्ती नको. लॉ स्कूलना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमात पदवी किंवा पदवीच्या अभ्यासक्रमाचा तीन-चतुर्थांश भाग पूर्ण, अशी किमान अट आहे. शिवाय तुमची एम.कॉम. आहे. मात्र प्रत्येक स्कूल आपली अट वेगळी लावू शकते, तेव्हा यादीतल्या प्रत्येक ॲडमिशन ऑफिसला दोन ओळींची ईमेल टाका आणि आलेले उत्तर जपून ठेवा.

डब्ल्यूईएस विसरा. जेडीसाठी एलसॅकची (एलसॅट घेणारी संस्था) सीएएस सेवा (अर्जाची कागदपत्रे एकत्र करून स्कूलना पाठवणारी) लागते आणि परदेशी ट्रान्सक्रिप्टची (सर्व वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) पडताळणी नि मूल्यांकन त्यातच होते. आधीच्या अहवालावर काम भागत नाही.

क्रम असा. एलसॅकवर खाते उघडा, एल अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळेल. संस्था नोंदवा, म्हणजे प्रत्येकीसाठी वेगळा ट्रान्सक्रिप्ट विनंती अर्ज छापता येतो. तो विद्यापीठाकडे द्यायचा, त्यांनी तो ट्रान्सक्रिप्टसोबत पाकिटात घालून, पाकीट बंद करून, झाकणावर शिक्का मारून थेट एलसॅकला पाठवायचे. पुण्यातल्या भावाने पाकीट ताब्यात घेऊन "आत सगळं नीट आहे ना" म्हणून फोडले, की ते बाद. पदवी विद्यापीठाची आहे, म्हणून ट्रान्सक्रिप्टही विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडूनच घ्या, कॉलेजच्या शिक्क्यावर भागेल असे धरून चालू नका. बी.कॉम. आणि एम.कॉम. दोन्हींची लागेल, फक्त शेवटच्या वर्षाची नाही, सगळ्या वर्षांची. पदवी प्रदान झाल्याचा उल्लेख ट्रान्सक्रिप्टवर नसेल तर पदवी प्रमाणपत्राचीही सोय त्याच फेरीत करा. सीएस ही विद्यापीठाची पदवी नव्हे, तिला बायोडेटात ठळक जागा द्या.

नावाचे: आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नाही, मधले नावही बदलते. वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते. वर मार्कलिस्टवर आडनाव आधी. म्हणजे अमेरिकन कारकुनाच्या डोळ्यांना ती दोन वेगळी माणसे दिसतात. खात्यात मुख्य नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तेच ठेवा, कारण परीक्षेच्या दिवशी ओळखपत्राशी ते ताडून पाहतात. पूर्वीचे नाव त्यासाठी असलेल्या रकान्यात मार्कलिस्टवर आहे त्याच स्पेलिंगने भरा. विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत तयार असू द्या. विनंती अर्जावरही जुने नाव दिसले पाहिजे, नाहीतर विद्यापीठातल्या खिडकीवर तुमची नोंदच सापडणार नाही.

---

दौतटाक

बापरे, डब्ल्यूईएसचे पैसे गेले म्हणायचे. बी.कॉम.ला ६३ टक्के आहेत. अमेरिकन जीपीएत (४ पैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी) ते फारच वाईट दिसतील ना?

---

शिक्कामोर्तब

जीपीए निघतच नाही. भारतात पूर्ण झालेल्या पदवीचे ४ च्या मापात रूपांतर एलसॅक करत नाही. "सरासरीपेक्षा वर", "सुपिरिअर" असा एक शेरा येतो, आणि तो भारतीय गुणपद्धत माहीत असलेले लोक देतात. ६३ टक्क्यांना २.५ समजण्याचा प्रकार तिथे होत नाही. स्वतः हिशेब करून बायोडेटात जीपीए लिहू नका. टक्के आणि श्रेणी आहे तशी लिहा.

---

आधारविधान

वरच्या मुद्द्याचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे. प्रत्येक लॉ स्कूल दरवर्षी प्रवेश घेतलेल्यांचा मध्य (निम्मे वर, निम्मे खाली असा) एलसॅट आणि मध्य जीपीए जाहीर करते. तुमचा जीपीए नाही, म्हणजे त्या आकड्याला तुमच्यामुळे धक्का बसत नाही नि फायदाही होत नाही. उरतो एलसॅट. तो स्कूलच्या मध्याच्या वर असेल तर तुम्ही त्यांना हव्या आहात, खाली असेल तर बाकी सगळे चांगले असूनही अवघड. म्हणून वेळेचा मोठा वाटा इथे द्या.

आधी तो ठोकळा रद्दीत. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स परीक्षेतून गेले. आता ३५ मिनिटांचे चार विभाग: दोन तर्काचे आणि एक वाचनाचा मोजला जातो, चौथा प्रायोगिक, मोजला न जाणारा. तो कुठला हे कळत नाही, कळवून घ्यायच्या भानगडीतही पडू नका. दुसऱ्या विभागानंतर दहा मिनिटे सुट्टी. गुण १२० ते १८०. चुकीला वजाबाकी नाही, म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही. जुन्या पुस्तकांतला तर्क आणि वाचनाचा भाग मात्र अजून चालतो.

शिवाय युक्तिवादाचा निबंध आहे: १५ मिनिटे विचाराची, ३५ लिहिण्याची. तो वेगळ्या वेळी घरून देतात. त्याला गुण नाहीत म्हणून लोक टाळतात आणि मग पहिल्या खेपेला निबंध पूर्ण नसल्यामुळे निकालच अडकून राहतो. परीक्षेच्या आठवड्यातच उरकून टाका.

मुख्य परीक्षा घरून देण्याची सोय ऑगस्ट २०२६ पासून बहुतेकांसाठी बंद होत आहे, तेव्हा केंद्र धरूनच चाला. नोंदणी परीक्षेच्या साधारण दीड महिना आधी बंद होते आणि जवळची केंद्रे त्याआधी भरतात.

तर्काचा प्रश्न कसा असतो, बघा:

"एका शहराने सर्वाधिक अपघात झालेल्या दहा चौकांत गेल्या वर्षी कॅमेरे बसवले. यंदा त्या चौकांत अपघात घटले. म्हणजे कॅमेऱ्यांमुळे अपघात घटतात."

हा युक्तिवाद कमकुवत करणारा पर्याय कोणता? "कॅमेऱ्यांचा खर्च अंदाजापेक्षा जास्त आला": निष्कर्ष खर्चाबद्दल नाहीच. "काही चालकांना कॅमेरे असल्याचे माहीत नव्हते": बाकीच्यांना माहीत असेल की, "काही"ने काही बिघडत नाही. "कॅमेरे नसलेल्या चौकांतही अपघात तेवढेच घटले": हे उत्तर.

आता त्याच उताऱ्यावर आवश्यक गृहीतक (जे धरल्याशिवाय युक्तिवाद उभाच राहत नाही ते) विचारले, तर पर्याय उलटा करून बघायचा. "कॅमेरे हाच अपघात घटवण्याचा एकमेव उपाय आहे" हे उलटे केले की "इतरही उपाय आहेत". युक्तिवाद जागच्या जागी उभा, म्हणून हे आवश्यक नाही. "त्या चौकांतली वाहतूक यंदा निम्म्यावर आलेली नाही" हे उलटे करा: वाहतूक निम्म्यावर आली. युक्तिवाद कोसळला, म्हणून हे आवश्यक. हुशार लोक पहिल्या पर्यायावर फसतात, कारण तो भारदस्त वाटतो. आवश्यक गृहीतक बहुतेक वेळा बेताचे, मिळमिळीत वाक्य असते.

तर्काच्या विभागात २५ च्या आसपास प्रश्न, म्हणजे प्रश्नाला जेमतेम ८४ सेकंद. पहिले दहा सोपे असतात, ते १२ मिनिटांत संपले तर शेवटच्या कठीण प्रश्नांना वेळ उरतो. वाचनात चार संच (एकात दोन छोट्या उताऱ्यांची तुलना), संचाला पावणेनऊ मिनिटे. आपल्याकडचे लोक इथे तपशील पाठ करत बसतात. त्याऐवजी परिच्छेदागणिक मनात एक वाक्य: लेखक इथे काय करतोय? जुने मत मांडतोय, खोडतोय, की अपवाद सांगतोय?

वेळ: आठवड्याला १२ ते १५ तास देणार असाल तर सहा महिने. पहिल्या दिवशी वेळ लावून एक पूर्ण चाचणी, गुण कितीही येवोत. दोन महिने घड्याळाशिवाय, फक्त प्रश्नांचे प्रकार. मग वेळ लावून एकेक विभाग, शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्याला एकच पूर्ण चाचणी. तपासण्याआधी शंका असलेले प्रश्न उत्तरतालिका न बघता निवांत पुन्हा सोडवा. निवांत सोडवून बरोबर आले तर अडचण वेगाची, तरीही चुकले तर तर्काची. दोन्हींचे औषध वेगळे. आणि चुकांच्या वहीत "घाईत चुकले" लिहू नका. चुकीच्या पर्यायाने का भुलवले आणि बरोबर पर्याय का नको वाटला, या दोन ओळी लिहा.

सराव लॉहबवर (एलसॅकचे सरावाचे संकेतस्थळ), स्क्रीनवरच. काही चाचण्या फुकट आहेत, पूर्ण संचाला वर्षाची वर्गणी. नव्या रचनेतल्या चाचण्यांचे क्रमांक १०१ पासून सुरू होतात. नंतरच्या दहा-बारा शेवटासाठी राखून ठेवा.

---

पाटीपेन्सिल

आधारविधान यांच्याशी बाकी सहमत, पण सहा महिने सर्वांनाच पुरत नाहीत. घड्याळाशिवायसुद्धा एका तर्क विभागात सहा-सात चुका होत असतील तर परीक्षेची तारीख पुढे ढकला. "एकदा देऊन तर बघू" हा आपल्याकडचा सीएचा खाक्या इथे नको. एलसॅटला बंधन आहे: जेवढ्या काळातले निकाल स्कूलना कळवले जातात तेवढ्या काळात पाच वेळा, आयुष्यात सात. स्कूल सर्वांत वरचा गुण धरते हे खरे, पण बाकीचेही दिसतात.

---

खिडकी_क्रमांक_चार

व्हिसाबद्दल. एच-४ वर पूर्णवेळ किंवा अर्धवेळ शिकता येते, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी शिक्षणसंस्था देते तो कागद) लागत नाही. अर्धवेळ हा मोठा फायदा आहे, कारण एफ-१ ला पूर्णवेळच शिकावे लागते. सीटन हॉल, रटगर्स आणि नदीपलीकडे न्यूयॉर्कात फोर्डहॅम, तिघांकडे अर्धवेळ जेडी आहे.

तोटा उन्हाळ्यात कळतो. जेडीत नोकरी मिळते ती पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातल्या कामातून, आणि ईएडीविना एच-४ वर ते करता येत नाही. "बिनपगारी आहे, चालेल" असेही समजू नका, बिनपगारी कामही नियमात अडकू शकते. एफ-१ वर सीपीटी (शिकतानाच काम करण्याची परवानगी) आणि नंतर १२ महिन्यांचे ओपीटी (पदवीनंतर काम करण्याची परवानगी) मिळते. कायदा स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत नाही, त्यामुळे वाढीव २४ महिने नाहीत. बरेच जण एच-४ वर सुरू करून मध्येच एफ-१ साठी स्थिती-बदलाचा अर्ज करतात. त्याला महिने लागतात, तेव्हा प्रवेशपत्र हातात पडताच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला तारखांसकट विचारा. नवऱ्याच्या ग्रीन कार्डची रांग कुठे आहे, यावर सगळे गणित फिरते.

सरकारी कर्ज एच-४ ला किंवा एफ-१ ला मिळत नाही. खासगी कर्जाला बहुधा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीनदार लागतो.

---

दौतटाक

खूपच उपयोगी. शिफारसपत्रांचे काय? कॉलेजात एका वर्गात सव्वाशे मुले, कुठल्याही सरांना मी आठवणार नाही. आणि अर्ज नेमके कधी टाकावेत?

---

मसुदा_तिसरा

अर्ज सप्टेंबरच्या सुमारास उघडतात आणि येतील तसे तपासले जातात. मुदत फेब्रुवारी-मार्च किंवा त्यापुढची दिसली तरी तोवर जागा आणि शिष्यवृत्तीचा पैसा दोन्ही आटलेले असतात. २०२७ च्या फॉलसाठी २०२६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाका. म्हणजे एलसॅट जून किंवा ऑगस्टला, चुकलाच तर हाताशी सप्टेंबर-ऑक्टोबर.

शिफारसपत्रे: बहुतेक ठिकाणी दोन लागतात. पदवीला बरीच वर्षे झाली असतील तर कामावरच्या वरिष्ठांचे चालते. ज्यांनी तुम्ही लिहिलेला ठराव किंवा इतिवृत्त लाल पेनाने तपासले आहे, असा माणूस हवा. "तूच लिहून आण, मी सही करतो" याला ठाम नकार द्या, पत्र त्यांनीच लिहून एलसॅकला थेट पाठवायचे असते. त्यांना एका पानावर तुमच्या दोन-तीन कामांची टिपणे जरूर द्या. "प्रामाणिक, मनमिळाऊ, कष्टाळू" अशा पत्राचा उपयोग शून्य. कंपनीचा ईमेल पत्ता असेल तर तोच द्यायला सांगा.

स्वतःबद्दलचा निबंध साधारण दोन पाने, दुप्पट अंतर सोडून. "लहानपणापासून न्यायाची ओढ" असली सुरुवात खोडा. सीएस म्हणून एखाद्या संचालक मंडळाच्या बैठकीत कायद्याचे कलम आणि व्यवहार कुठे अडले आणि तुम्ही काय सुचवले, हे एक प्रकरण नीट सांगा (कंपनीचे नाव वगळून). नोकरीत पडलेल्या खंडाचे स्पष्टीकरण यात कोंबू नका. त्यासाठी वेगळी पुरवणी, अर्धे पान, गाऱ्हाणे नाही.

चारित्र्याबद्दलच्या प्रश्नांना पूर्ण उत्तर द्या, अगदी जुनी शिस्तभंगाची नोटीससुद्धा. पुढे बार (वकिलीच्या) परवान्याच्या वेळी हाच अर्ज काढून ताडतात, आणि मूळ गोष्टीपेक्षा लपवणे महागात पडते.

शिष्यवृत्ती घेताना "५०९" नावाचा अहवाल बघा, प्रत्येक स्कूल दर डिसेंबरात काढते. त्यात एलसॅटचे २५, ५० आणि ७५ वे पर्सेंटाइल असतात आणि सशर्त शिष्यवृत्ती किती जणांची कमी झाली किंवा गेली तेही असते. श्रेणी ठरावीक वक्ररेषेवर (कोणती श्रेणी किती जणांना, हे आधीच ठरवून) देतात, त्यामुळे "वर्गात वरच्या तिसऱ्या भागात राहा" अशी अट सगळ्यांना पाळता येणे गणितातच बसत नाही. अशी अट असेल तर ती काढा म्हणून लेखी विनंती करा, दुसऱ्या स्कूलचे पत्र जोडून. ही घासाघीस इथे रीतीचीच आहे, पण जागा राखण्याची अनामत भरण्याआधी करा. नंतर कुणी दाद देत नाही.

---

शिक्कामोर्तब

एक राहिले. इंग्रजी माध्यमाचा दाखला विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्टसोबतच मागून घ्या. टोफेल (इंग्रजीची परीक्षा) माफ करायला बऱ्याच ठिकाणी तो विचारतात आणि नंतर वेगळा काढायचा म्हटले की पुन्हा पहिल्यापासून रांग.