उभ्या रेघा आणि ६४०० डीपीआय

वर दोन प्रश्न आलेत: जुन्या एप्सन व्ही७०० स्कॅनरवर फिल्म निगेटिव्हच्या स्कॅनमध्ये सरळ रेघ का येते, आणि ६४०० डीपीआय (दर इंचाला टिपले जाणारे बिंदू) वापरावं का.

रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असेल तर फिल्मला दोष देऊ नका. फिल्म धरणाऱ्या होल्डरच्या एका कडेला, फ्रेमच्या पलीकडे, रिकामी खाच असते. तिथल्या काचेतून स्कॅनर कॅलिब्रेशन करतो, म्हणजे स्वतःचं मोजमाप जुळवून घेतो. तिथे धुळीचा एक कण बसला, तरी त्याची रेघ सगळ्या फ्रेममधून ओढली जाते. ब्लोअर मारा, मायक्रोफायबरनं पुसा आणि नव्यानं प्रीव्ह्यू घ्या. खाचेवर फिल्मचं टोक आलं तर रंगच बिघडतात.

६४०० हा आकडा खोक्यावर शोभतो. प्रत्यक्ष तपशील साधारण २३०० पर्यंतच मिळतो, म्हणून ३२०० पुरे. ६४०० च्या मानाने पिक्सेल चौथाईवर येतात. त्यापेक्षा होल्डरखालच्या चकत्यांनी उंची बदलून तीच फ्रेम पुन्हा पुन्हा स्कॅन करा, ग्रेन (फिल्मचे बारीक कण) कुठे टोकदार दिसतो ते पाहा.

आणि हो, नेहमीच्या कृष्णधवल फिल्मला डिजिटल आइस (इन्फ्रारेडनं धूळ ओळखून पुसणारी सोय) बंदच ठेवा. अशा फिल्मच्या चित्रातली चांदी इन्फ्रारेड अडवते, मग सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजतं.