वडिलांना ऐकू येईल असा फोन सुचवा (लँडलाइन, बजेट ३,००० रुपये)

उद्यमनगरचा_मुलगा
माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका फाउंड्रीत त्यांनी ३१ वर्षे कास्टिंग घासण्याचे काम केले आणि त्या आवाजात दोन्ही कान गेले. कानामागे लावायचे श्रवणयंत्र आहे, पण रिसीव्हर जवळ नेला की ते शिट्टी मारते, म्हणून फोन आला की वडील यंत्र काढून डायरीवर ठेवतात, रिसीव्हर कानाशी घट्ट दाबतात आणि "कोण बोलतंय?" असे तीन-चार वेळा विचारून फोन माझ्या पत्नीच्या हातात देतात. मागच्या खोलीत असले तर घंटीही ऐकू येत नाही. लँडलाइन काढायची नाही आणि बजेट ३,००० रुपयांचे आहे. कृपया अनुभवाचे सांगावे.

तांबडा_पांढरा
फोन बदलून काहीही होणार नाही, यंत्र बदला. मी मागच्या दिवाळीत ६२,००० रुपयांची ब्लूटूथची जोडी घेतली. मोबाइलचा आवाज थेट दोन्ही कानांत येतो आणि महाद्वार रोडवरच्या गर्दीतही मी व्यवस्थित बोलतो. आईवडिलांच्या बाबतीत बजेट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंकाळाकाठ
लँडलाइन आता ठेवते कोण? साधा स्मार्टफोन घ्या आणि त्यावर गुगलचे लाइव्ह ट्रान्स्क्राइब सुरू करा, ते मराठी बोलणे अक्षरांत दाखवते. माझ्या सासूबाई तेच वापरतात. एकदा त्याने 'गोकुळ शिरगाव' या गावाच्या नावाचे 'गोकुळ शिरा' केले आणि बाईंनी पाहुण्यांसाठी रवा भाजायला घेतला, एवढा एक प्रसंग सोडला तर तक्रार नाही.

निवृत्त_लाइनमन
वरील सल्ला अर्धाच आहे. ते ॲप मोबाइलच्या माइकवरून ऐकते, त्यामुळे ज्या मोबाइलवर कॉल सुरू आहे त्याच मोबाइलवर ते उपयोगी पडत नाही. लँडलाइन स्पीकरवर ठेवून मोबाइल शेजारी ठेवावा लागतो. दुसरे असे की, साध्या टेलिफोन लाइनवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो (हर्ट्झचा आकडा जितका मोठा, तितका आवाज बारीक). कारखान्याच्या आवाजाने कान प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास बिघडतो आणि 'स', 'श' यांचा बराचसा जोर त्याच्याही वर असतो, म्हणून नुसता आवाज वाढवला तर गोंगाट वाढतो, शब्द सुटे होत नाहीत. ४जीच्या कॉलमध्ये ही मर्यादा ७,००० हर्ट्झपर्यंत जाते, म्हणून मोबाइलवर बोलणे अधिक स्पष्ट वाटते. घंटीसाठी मागच्या खोलीत जादा घंटी बसवून घ्या. दिवा लागणारे फोन मी पाहिले आहेत; तो दिवा काडेपेटीच्या गुलाएवढा असतो आणि मागच्या खोलीतून कोणालाही दिसत नाही.

परदेशी_पाहुणा
माझी बहीण कॅलिफोर्नियात असते. तेथे कमी ऐकणाऱ्यांना आणि बोलण्याची अडचण असलेल्यांना राज्याच्या योजनेतून विशेष फोन फुकट मिळतो. डॉक्टरांनी अर्जावर सही करायची, आणि खर्च सर्वांच्या फोन बिलावरील छोट्या अधिभारातून निघतो. बहिणीच्या सासऱ्यांकडे असा फोन आहे. आपल्याकडे हे का होत नाही?

तांबडा_पांढरा
आपल्याकडेही मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून आहे. वय ६५च्या वर आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर ३,००० रुपये थेट खात्यात येतात. अर्थात साहित्याच्या यादीत श्रवणयंत्र आहे, टेलिफोन नाही.

शाहूपुरीची_सून
माझे यजमान स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेनंतर गळ्याला लावायच्या इलेक्ट्रोलॅरिंक्स या आवाज काढणाऱ्या यंत्राने बोलतात. त्यांना ऐकू उत्तम येते, पण तो सपाट आवाज कानावर पडला की समोरचा माणूस 'मशीन बोलतंय' असे समजून फोन ठेवतो. गॅस एजन्सीने एकाच सकाळी चार वेळा ठेवला. आता ते बोलण्याआधी "मी माणूस आहे, फोन ठेवू नका" असे सांगतात. फोन घेताना ऐकण्याची बाजू सर्व जण पाहतात, बोलण्याची कोणी पाहत नाही. आमच्या फोनचा माइक हलका होता, तो बदलल्यावर निम्मा त्रास गेला.

कोल्हापुरी_साज
स्मार्टफोनच घ्या. त्यावर ॲप मिळते.

निवृत्त_शिक्षिका
मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत २६ वर्षे शिकवले आहे, तेव्हा थोडे विस्ताराने लिहिते. कानामागच्या यंत्राचा माइक कानाच्या वरच्या टोकाशी असतो, कानाच्या भोकाशी नव्हे. रिसीव्हर नेहमीसारखा कानावर दाबला की माइकपर्यंत आवाज नीट पोहोचत नाही आणि यंत्रातून बाहेर पडलेला आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी होते. रिसीव्हर थोडा वर, यंत्राजवळ आणि बोटभर अंतर ठेवून धरायला शिकवा. यासाठी एक रुपयाही लागत नाही. श्रवणतज्ज्ञांना यंत्रात टी-कॉइल आहे का, तेही विचारा. ती रिसीव्हरमधील चुंबकीय लहर थेट पकडते, त्यामुळे शिट्टी होत नाही आणि आजूबाजूचा कलकलाटही येत नाही. मात्र इन्व्हर्टर किंवा जुन्या चोकची ट्यूबलाइट जवळ असेल तर घरघर ऐकू येते.

रंकाळाकाठ
बाई, आपण कर्णबधिर हा शब्द यांच्या वडिलांनाही लावता का? कमी ऐकू येणे वेगळे.

निवृत्त_शिक्षिका
लावलेला नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची हानी असेल तर कमी ऐकू येणारा आणि ७०च्या पुढे बधिर, असा फरक केलेला आहे. परंतु प्रश्न फोनचा आहे, शब्दाचा नव्हे.

उद्यमनगरचा_मुलगा
सर्वांचे आभार. वडिलांच्या यंत्रात टी-कॉइल नाही असे कळले. स्मार्टफोन दाखवला, तर "आता ह्या वयात काच घासत बसू काय?" एवढेच म्हणाले. शेवटी लक्ष्मीपुरीतून मोठ्या बटणांचा, आवाजाची चकती आणि लाल दिवा असलेला वायरचा फोन १,८५० रुपयांना घेतला. दिवा लहान आहे हे लाइनमन काकांचे म्हणणे खरे ठरले, म्हणून फोनच मागच्या खोलीत, वडिलांच्या खाटेसमोरच्या फळीवर हलवला. बाईंनी सांगितल्याप्रमाणे रिसीव्हर वर धरायला शिकवले. ते तो कंगवा लावल्यासारखा धरतात, पण यंत्र कानावरच राहते आणि शिट्टी होत नाही. काल इचलकरंजीहून आत्याचा फोन आला तेव्हा नऊ मिनिटे बोलले आणि तिलाच "ओरडू नकोस गं" म्हणाले. अनोळखी माणसाचे बोलणे अजून नीट कळत नाही. दुकानदाराने सात दिवसांत बदलून देण्याचे कबूल केले आहे, तोवर स्मार्टफोनवाल्यांनी थांबावे.

कोल्हापुरी_साज
तरी ॲप एकदा बघा.