दहा महिन्यांच्या बाळाची कार सीट डुलते, काय चुकतंय?

कासारवडवलीकर
मुलगी १० महिन्यांची, वजन ८.५ किलो, उंची ७२ सेंमी. गाडी सीएनजी हॅचबॅक. मागे दोन्ही कडांना थ्री-पॉइंट बेल्ट (कमर आणि खांदा दोन्हीवरून येणारा), मधे नुसता कमरेचा पट्टा. सीट आर-४४ (बाल-सीटचा जुना आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियम) लेबलची, ० ते १८ किलोची, गाडीच्या बेल्टने बांधायची. डावीकडे, मागे तोंड करून बसवली आहे, पण हात लावला की तीन-चार इंच डुलते. दुकानदार म्हणतो, पुढे तोंड करून बसवा, घट्ट बसेल. आजींचं म्हणणं, पोरीला रडवण्यापेक्षा मांडीवर द्या. दर रविवारी घोडबंदर रोडवरून नेरुळला जाणं असतं. काय करावं?

पामबीच_७७
पुढे तोंड अजिबात नको. तुमच्याच सीटच्या लेबलवर ते ९ किलोपासून आहे आणि बाळ ८.५ ची आहे. ९ भरले तरी घाई करू नका. नव्या आर-१२९ नियमात १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड चालतच नाही. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली की पट्टे धड धरून ठेवतात, पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात. तुमच्या सीटमध्ये १३ किलोपर्यंत मागे तोंड चालत असेल तर तिथपर्यंत तसंच ठेवा. पाय दुमडले म्हणून काही बिघडत नाही. डोकं सीटच्या वरच्या कडेला टेकायला आलं की मात्र ती सीट लहान झाली.

आता डुलण्याबद्दल. आधी बघा, कुठे धरून हलवता? मागे तोंड केलेल्या सीटचा वरचा भाग थोडा हलतोच. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवा. तिथे एक इंचापेक्षा जास्त हलली तर बांधणी ढिली आहे. सीटवर निळ्या आणि लाल खुणा असतील. निळ्या मागे तोंड करताना, लाल पुढे तोंड करताना. कमरेचा पट्टा निळ्या खाचांतून, बाळाच्या पायांच्या बाजूने न्यायचा आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून फिरवायचा. पीळ राहू देऊ नका. मग गुडघा सीटमध्ये रोवून अंगाचा भार टाका, आधी कमरेचा पट्टा ओढा, मग त्याची ढील खांद्याच्या पट्ट्यातून वर काढा. आपल्या गाड्यांचे बेल्ट झटका बसल्यावरच अडकतात, एरवी मोकळे सुटतात. म्हणून सीटला लॉक-क्लिप (पट्टा पकडून ठेवणारा चिमटा) असेल तर ती बंद केल्याशिवाय गुडघा काढू नका.

एवढं करूनही ढिली राहिली तर बक्कल बघा. बक्कलचा दांडा लांब असला की बक्कल सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर येऊन बसतं, पट्टा ताणलाच जात नाही आणि धडकेत बक्कल तुटूही शकतं. ते कडेच्या खालीच राहिलं पाहिजे. डावी-उजवी बक्कलं एकसारखी असतीलच असं नाही, तेव्हा उजवीकडे लावून बघा. मधल्या पट्ट्यावर ही सीट नाही.

आजींच्या मांडीबद्दल: ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ८.५ किलोचं बाळ सुमारे १२० किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं. एवढा जोर कुणाच्याच हातांना पेलत नाही. आजींना बाळाशेजारीच बसवा, म्हणजे रडली तरी थोपटता येईल.

वाशी_सेक्टर१७
बांधणी जमली की हार्नेस, म्हणजे बाळाला सीटमध्ये बांधणारे पट्टे, तपासा. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्यांच्या रेषेत किंवा किंचित खालच्या खाचेतून यायला हवेत. गळ्याजवळच्या हाडावर पट्टा उभा चिमटीत धरून बघा, घडी पडली तर अजून आवळा. दुपटं, जाड स्वेटर, पावसाळ्यात रेनकोट आधी काढा, मग पट्टे लावा आणि दुपटं वरून घाला.

सीट किती कललेली हवी हे दाखवणारी सीटवरची रेषा गाडी सपाट जमिनीवर असताना बघा, सोसायटीच्या पोडियमच्या उतारावर नाही. सीट फार उभी झाली तर झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो.

पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना मागे तोंड केलेली सीट कधीही लावू नका. एअरबॅग उघडली की थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

नंतर कधी आयसोफिक्स सीट (बेल्टऐवजी गाडीतल्या लोखंडी कड्यांना अडकणारी) घ्याल तर आधी डिकी उघडून बघा. सीएनजी टाकीमुळे टॉप टेदरचा (सीटचा वरचा भाग मागे बांधणाऱ्या पट्ट्याचा) हुक झाकला जात असेल तर टेदर लागणारी सीट तुमच्या गाडीत बसणार नाही.

कासारवडवलीकर
बक्कलच कडेवर येत होतं. उजवीकडचा दांडा आखूड आहे, तिथे बेल्टपाशी अर्धा इंचही हलत नाही. भाचा ६ वर्षांचा, १९ किलो, ११२ सेंमी. मधल्या पट्ट्यावर बूस्टर (गाडीचा बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारी सीट) चालेल?

पामबीच_७७
नाही. बूस्टरला थ्री-पॉइंट बेल्टच लागतो. नुसता कमरेचा पट्टा धडकेत पोटात घुसतो आणि डोकं समोर आपटतं. त्याला डाव्या कडेला, पाठ असलेल्या बूस्टरवर बसवा. कमरेचा पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाला सपाट, खांद्याचा खांद्याच्या मधोमध. गळ्याला टोचतो म्हणून पोरं तो काखेखालून घेतात, तसं झालं तर सगळा जोर बरगड्यांवर येतो. पाठीच्या बूस्टरला पट्ट्यासाठी वाट असते, ती उंचीप्रमाणे सरकवा. मग आजींना पुढे बसावं लागेल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बाल-सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे. बूस्टर रिकामा असला तरी बेल्ट लावून ठेवा, नाहीतर ब्रेक दाबला की तो तुमच्या मानेवर येतो.