धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या माथ्यावर डायपोल (दोन पायांचा तारेचा अँटेना): वाऱ्यात खांब कसा टिकवायचा?

प्रश्न: पुण्याहून एक हॅम (हौशी रेडिओवाला) दोस्त धुळ्याला येतोय. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा ७ मीटरचा फायबर खांब, १४ मेगाहर्ट्झचा इन्व्हर्टेड व्ही (मधे उंच, दोन्ही बाजूंना उतरता डायपोल), ५ वॅटचा रेडिओ. कातळात खुंट्या शिरत नाहीत. काय करावं?

उत्तर: ताणाच्या दोऱ्या टोकाला बांधू नका भाऊ, साडेचार मीटरवर बांधा, वरचा भाग वाकू दे. तीन दोऱ्या १२० अंशांवर, पायथ्यापासून ३ मीटर लांब, जड धोंड्यांना बांधा. सांध्यांवर इन्सुलेशन टेप हवीच, नाहीतर थरथरून नळ्या एकमेकींत घसरतात. सगळ्यात बारीक नळी घरीच ठेवा, आधी तीच मोडते.

उत्तर: तारेचे दोन्ही पाय ५ मीटरहून थोडे जास्त कापा, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचं माप) बघत टोकं दुमडा. कोॲक्स (रेडिओ ते अँटेना जाणारी केबल) खांबाला बांधा. लोंबकळली की वरचं सोल्डर तुटतं.

उत्तर: वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माईकला स्पंज लावा. दोस्ताचा हॅम परवाना सोबत असू द्या.