मदत हवी आहे: चित्र काढणाऱ्या रोबोच्या स्टेपर मोटरी अडखळतात, चौकोन जुळत नाही

नमस्कार मंडळी,

पोटात पेन धरून कागदावर फिरणारा दोन चाकांचा रोबो घरीच जुळवला आहे. मोटरी दोन, २८बीवायजे-४८ जातीच्या स्टेपर (ठरावीक छोट्या पावलांनी, म्हणजे स्टेपनी फिरणाऱ्या), ५ व्होल्टच्या. प्रत्येकीला यूएलएन२००३ चा (मोटरीला वीज पोचवणाऱ्या चिपचा) बोर्ड, कारभार आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाकडे, पेन उचलायला छोटा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर). चार रिचार्जेबल सेलवरच सगळं चालतं. चाकांचा व्यास ६३ मिमी, दोन चाकांमधलं अंतर ११० मिमी. कोड ॲक्सेलस्टेपर ही स्टेपर मोटरींसाठीची तयार लायब्ररी वापरून, हाफ-स्टेप (अर्ध्या-अर्ध्या पावलाच्या) पद्धतीने, वेग सेकंदाला ८०० स्टेप.

एकच मोटर चालवली तर ती दोन्ही दिशांना झकास फिरते. दोन्ही एकत्र चालवल्या की मध्येच एखादी जागच्या जागी थरथरते आणि सरळ रेघेची कमान होते. पेन खाली येताना तर हमखास. मोटरींची अदलाबदल करून झाली. कधी ही अडते, कधी ती, त्यामुळे मोटर बाद नसावी.

दुसरं दुखणं चौकोनाचं. मोटर न अडखळता एखादा पूर्ण झालाच, तर बाजूंची लांबी बरोबर येते, पण शेवटची रेघ पहिलीला भेटत नाही. कोपरे ९० अंशांपेक्षा कमी वळतात. शिवाय वळणानंतरच्या प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला हुकसारखा एक बारीक बाक उमटतो. एका फेरीला ४०९६ स्टेप धरल्या आहेत. काही ठिकाणी ४०७६ असं वाचलं. सगळा घोळ त्याचाच का?

प्रतिसाद १

वायरींचा क्रम चुकला असता तर मोटर एकटीही नीट फिरली नसती, तेव्हा तो संशय सोडा. मला तरी हे विजेचं प्रकरण वाटतंय.

या मोटरीच्या एका कॉइलचा रोध साधारण ५० ओहम, म्हणजे ५ व्होल्टला १०० मिलिअँपिअर. हाफ-स्टेपमध्ये एकाआड एक स्टेपला दोन कॉइल चालू असतात. दोन मोटरी मिळून मागणी ४०० पर्यंत जाऊ शकते, आणि सर्व्हो हलताना त्याचा झटका वेगळा. त्यात यूएलएन२००३ स्वतःच जवळपास एक व्होल्ट खातो. चार रिचार्जेबल सेल ४.८ व्होल्टचे, म्हणजे कॉइलपर्यंत जेमतेम चार पोचतात. एवढ्यावर ८०० चा वेग झेपणं कठीण.

मल्टिमीटर बोर्डाच्या वीजपुरवठ्याच्या पिनांना लावा आणि रोबो चालत असताना, पेन खाली येताना आकडा बघा. बंद अवस्थेतला आकडा काही कामाचा नाही. मोटरींना स्थिर ५ व्होल्टचा, एक अँपिअर सहज देणारा वेगळा पुरवठा द्या, सर्व्होजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. ग्राउंड (ऋण बाजूची तार) मात्र सगळ्यांचा एकच. वेग आधी ५०० वर आणा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. मी चौकोनाकडे वळतो, कारण त्यात दोन वेगळे दोष मिसळलेत.

४०९६ आणि ४०७६ मधला फरक अर्धा टक्का. चार कोपऱ्यांत मिळून दोन अंशसुद्धा होत नाहीत, आणि ४०९६ धरल्याने रोबो उलट किंचित जास्त वळेल. तुमचा कमी वळतोय. आकडा सुधारून घ्या, पण दोष त्याचा नाही. बाजू बरोबर आणि कोपरे कमी, म्हणजे संशय ११० मिमीवर. टायर रुंद असेल तर तो नेमका कुठे टेकतो हे पट्टीने कळत नाही. रोबोला जागच्या जागी एका दमात दहा गिरक्या घ्यायला लावा. समजा ३६०० अंशांऐवजी ३५४० भरले, तर ११० ला ३६०० ने गुणून ३५४० ने भागा. १११.९ मिमी आलं, ते कोडमध्ये टाका.

रेघेच्या सुरुवातीचा बाक उमटतो तो गिअरमधल्या ढिलाईमुळे. वळताना आतलं चाक उलटं फिरतं. मग पुढे जायचं झालं की त्या मोटरीच्या पहिल्या काही स्टेप दात टेकण्यातच जातात, तोवर दुसरं चाक निघालेलं असतं. यातली गंमत अशी की वळणाच्या सुरुवातीला जेवढा कोन कमी पडतो, जवळपास तेवढाच या बाकात भरून निघतो. म्हणून ढिलाईने कोपरा फारसा बिघडत नाही, रेघेचं तोंड बिघडतं. दहा गिरक्या एका दमात घ्यायच्या त्या याचसाठी, म्हणजे ढिलाई एकदाच मोजली जाते.

धागाकर्ता

पेन खाली येताना ३.९ व्होल्ट दिसले! वेगळा पुरवठा दिल्यावर आणि वेग ५०० केल्यावर थरथर पूर्ण थांबली. गिरक्यांची चाचणी आज करतो. ढिलाई कोडमधून काढता येईल का?

प्रतिसाद २

येईल. वळण संपल्यावर, पेन वर असतानाच, उलट फिरलेली मोटर एकटी पुढे चालवा. चाक हलू लागेपर्यंत किती स्टेप जातात ते मोजा. दोन्ही मोटरींचं वेगवेगळं मोजा, एकीचा आकडा दुसरीला चालेलच असं नाही. दिशा बदलली की तेवढ्या स्टेप आधी द्यायच्या, वळणाच्या सुरुवातीलाही, आणि त्या अंतराच्या हिशोबात धरायच्या नाहीत.