विद्युतभार की विद्युतप्रभार? आणि न्यूट्रॉन ‘उदासीन’ कसा?

प्रश्न

मुलगी नववीत आहे. माळ्यावरून माझी शाळेतली विज्ञानाची वही तिच्या हाती लागली. त्यात निळ्या शाईत अधोरेखित केलेलं वाक्य होतं, ‘इलेक्ट्रॉनचा भार ऋण असतो.’ ती म्हणाली, ‘बाबा, वजन उणे कसं असेल?’ आमचे सर ‘विद्युतभार’ म्हणायचे, तिच्या पुस्तकात ‘प्रभार’ आहे. योग्य कोणता? आणि न्यूट्रॉनला ‘उदासीन’ म्हणण्यापेक्षा सरळ ‘प्रभारहीन’ का म्हणू नये?

प्रतिसाद

चूक कोणताच नाही. जुन्या लेखनात ‘विद्युत् भार’ भरपूर सापडतो. पण मी ‘प्रभार’च्या बाजूने आहे, आणि कारण तुमच्या मुलीनेच सांगितलंय. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड असतो. दोघांवरचा विद्युतप्रभार मात्र तंतोतंत सारखा, फक्त चिन्ह उलट. आता ‘दोघांचा भार सारखाच असतो’ असं लिहा आणि विद्यार्थ्याच्या जागी बसून वाचा. ‘अणुभार’ आणि ‘भारनियमन’ या शब्दांनी ‘भार’ आधीच अडवून ठेवलाय. ‘प्रभारी मुख्याध्यापक’ आहेत खरे, पण भौतिकशास्त्राच्या वाक्यात ते मध्ये येत नाहीत.

एक सावधगिरी मात्र हवी. फोन ‘चार्ज’ करतो तिथे ‘प्रभारित करणे’ लिहू नये. चार्ज झालेली बॅटरी एकंदरीत उदासीनच असते. एका टोकाकडून इलेक्ट्रॉन गेले, तेवढेच दुसऱ्या टोकाला आले. तिथे साठते ती ऊर्जा. म्हणून तिथे ‘चार्ज’च राहू द्यावा.

प्रतिसाद

‘उदासीन’बद्दल माझं मत ठाम आहे: तो शब्द टाकू नका. उद् + आसीन, म्हणजे बाजूला बसलेला. कौटिल्याच्या राजमंडलात कोणत्याच बाजूला न जाणारा राजा तो ‘उदासीन’. खिन्नतेची छटा मराठीत त्याला पुढे चिकटली.

शिवाय ‘उदासीन’ आणि ‘प्रभारहीन’ यांत मला खरा फरक दिसतो. कार्बनच्या अणूत ६ प्रोटॉन, ६ इलेक्ट्रॉन. प्रभार आहेत, पण त्यांची फिटंफाट झालेली आहे. न्यूट्रॉनचंही तसंच. तो क्वार्क नावाच्या आणखी लहान कणांचा बनलेला असतो. प्रोटॉनचा प्रभार एक धरला तर, त्यात एक अप क्वार्क, प्रभार अधिक दोन तृतीयांश. आणि दोन डाउन क्वार्क, प्रत्येकी उणे एक तृतीयांश. बेरीज शून्य. म्हणूनच बाहेरून प्रभार शून्य असूनही न्यूट्रॉन लहानशा चुंबकासारखा वागतो. न्यूट्रिनो या अतिशय हलक्या मूलकणाच्या आत मात्र, आज माहीत आहे त्याप्रमाणे, असं काही नाहीच. तेव्हा न्यूट्रॉन उदासीन आणि न्यूट्रिनो प्रभारहीन म्हणावा. पाठ्यपुस्तकं हा भेद पाळत नाहीत, पण शब्द दोन आहेत तर वापरावेत.

प्रतिसाद

मला ‘ऋण’ जास्त नडतं. ऋण म्हणजे कर्ज, तूट. ऋणको म्हणजे घेणेकरी नव्हे, देणेकरी. पण ज्या वस्तूवर ऋण प्रभार असतो तिथे इलेक्ट्रॉन जास्त झालेले असतात! रेशमावर घासलेली काच धनप्रभारित होते ती इलेक्ट्रॉन गमावून.

याचं मूळ बेंजामिन फ्रँकलिनकडे जातं. १७४७ च्या सुमारास त्याने अधिक-उणे ही भाषा आणली, तेव्हा इलेक्ट्रॉन कुणालाच माहीत नव्हता. जे. जे. थॉमसनने तो १८९७ मध्ये दाखवला, आणि तो उण्याच्या बाजूचा निघाला. तोवर चिन्हं पक्की झाली होती. म्हणून मी वर्गात ‘ऋण’ हा शब्द आला की आधी फळ्यावर वजाबाकीचं चिन्ह काढतो, आणि कर्जाचा अर्थ तिथे शोधू नका म्हणून सांगतो.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. वहीतल्या ‘भार’च्या आधी मुलीने पेन्सिलने ‘प्र’ घातलाय. आता तिचा पुढचा प्रश्न: क्वार्कवरच्या प्रभाराला ‘आंशिक’ म्हणायचं का?

प्रतिसाद

नको. रसायनशास्त्रात पाण्याच्या रेणूतल्या ऑक्सिजनवर जो थोडासा ऋण प्रभार येतो, त्याला ‘आंशिक’ म्हणतात. क्वार्कसाठी ‘अपूर्णांकी प्रभार’ बरा.