मदत हवी आहे: स्टेंट बसला, नळी उघडली, तरी ईएफ (हृदयाची पंपिंगची टक्केवारी) ३५ का?

नमस्कार मंडळी. बाबांना (वय ६१, मधुमेह) परवा मोठा झटका आला. एलएडी (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी नळी) पूर्ण बंद होती. आधी गावातला दवाखाना, मग ॲम्ब्युलन्स, मग नाशिक, यात पाचेक तास गेले. लगेच अँजिओप्लास्टी झाली, 'ब्लॉक निघाला' असं कळल्यावर आमच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशीच्या टू-डी इकोत ईएफ ३५. रिपोर्टमध्ये एका ओळीत लिहिलंय: 'टिमी ३, ब्लश ग्रेड १'. डॉक्टर म्हणाले, याचा अर्थ मोठी नळी मोकळी आहे, पण पुढच्या बारीक वाहिन्यांत गुठळीचे कण आणि सूज असल्यामुळे स्नायूपर्यंत रक्त नीट झिरपत नाही. राउंडच्या घाईत यापुढे काही विचारता आलं नाही.

अमेरिकेतला आतेभाऊ सारखा म्हणतोय की तिकडे यावर मशीन आहे. शोधून पाहिलं, तर मुख्यतः दोन गोष्टी सापडल्या. एक, सुपरसॅच्युरेटेड ऑक्सिजन: स्टेंटनंतर ऑक्सिजनने भरलेलं रक्त ६० मिनिटं थेट डाव्या कोरोनरीत (हृदयाला रक्त देणाऱ्या डाव्या नळीत) सोडतात. अमेरिकेच्या एफडीएची मान्यता २०१९ ची, तीही पुढच्या भिंतीचा झटका आणि त्रास सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत असेल तरच. दुसरी पिक्सो: हृदयाच्या स्नायूतलं अशुद्ध रक्त जिथून परत फिरतं त्या कोरोनरी सायनसमध्ये फुगा थोडा थोडा वेळ फुगवायचा, म्हणजे दाबाने रक्त मागे सरून बारीक वाहिन्यांत शिरतं. कल्पना भारी, पण २०२३ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत एमआरआयवर मेलेल्या स्नायूचं प्रमाण काही कमी दिसलं नाही. कंपनीचं ॲनिमेशन बघून मात्र कुणालाही पटेल!

यातलं काही आता करता येतं का? नसेल तर डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद:
ताई, मी कॅथलॅबमध्ये काम करतो. ही उपकरणं त्याच वेळी टेबलावर वापरायची असतात, आता त्यांचा उपयोग नाही. आतेभावाला तसं कळवून टाका. गुठळी ओढून काढायचा उपायही मोठ्या चाचण्यांत सरसकट फायद्याचा ठरला नाही, म्हणून 'तेव्हा का नाही केलं' यात अडकू नका.

आत्ताच्या ३५ वर फार जाऊ नका. झटक्यानंतर काही स्नायू नुसता बधिर झालेला असतो, तो आठवड्यांत सावरू शकतो. गोळ्या चुकवू नका, स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या तर अजिबात नाही. कार्डियाक एमआरआय आणि कार्डियाक रिहॅबबद्दल (देखरेखीखालचा व्यायाम आणि सल्ला) विचारा. आयसीडीची (ठोके धोकादायक झाले तर शॉक देणारं, शरीरात बसवायचं यंत्र) चर्चा साधारणपणे तीन महिन्यांनी इको परत करून होते.

धागाकर्ती:
खूप आभार, दादा. नवा स्टेंट असताना एमआरआय चालतो?

प्रतिसाद:
हल्लीच्या स्टेंटना चालतो. स्टेंटचं कार्ड दिलं असेल, ते सोबत न्या. आणि किडनीचा रिपोर्ट दाखवा, डाय द्यायची असते.